बडोद्याची गायनशाळा आणि प्रोफेसर मौलाबक्ष : कलावंत व शाळा यांच्या सहकार्याचा एक आरंभीचा प्रयोग

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंत व कारागीर यांना शाळा-महाविद्यालयांत शिकविण्यासाठी बोलवावे, अशी शिफारस आहे. तिला अनुसरून २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांत 'निवासी कलावंत' नेमण्याविषयी मार्गदर्शक सूत्रे काढली. यानंतर महाविद्यालयांमधून जी चर्चा होते तिचा सूर असा असतो की, हा प्रकार नवा आहे आणि तो बाहेरून आला आहे. प्रत्यक्षात मराठी राज्यकर्त्यांच्या एका संस्थानात, एका मुस्लिम उस्तादाच्या हातून, हे काम १८८६ मध्येच सुरू झाले होते. त्या कामाला यश कोठे आले व ते कोठे अडले, हे दोन्ही तपासून पाहण्यासारखे आहे.

तपासण्याचे आणखीही एक कारण आहे. हिंदुस्थानी संगीताच्या आधुनिक शिक्षणाचा इतिहास मराठीत बहुधा दोन नावांभोवती लिहिला गेला : पं. विष्णु नारायण भातखंडे आणि पं. विष्णु दिगंबर पलुसकर. दोघांचे कार्य निर्विवाद मोठे आहे. परंतु या लेखनातून एक समज नकळत रुजला. तो असा की, विद्या उस्तादांच्या घरांत कोंडलेली होती, उस्ताद निरक्षर व संशयी होते, आणि ती विद्या बाहेर काढून वर्गात आणण्याचे काम शिकलेल्या वर्गाने केले. या समजात तथ्यांश नाही असे नाही. पण बडोद्याची हकीकत त्यात बसत नाही.

मौलाबक्ष : उंबऱ्याबाहेरून शिकलेला शिष्य

मौलाबक्ष यांचा जन्म १८३३ चा, दिल्लीच्या परिसरातला. घराणेदार गवयाच्या घरी ते जन्मले नव्हते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांच्या कुटुंबात एक हकीकत सांगितली जात असे. घसीट खाँ नावाचे मोठे बीनकार कोणालाच तालीम देत नसत. तरुण मौलाबक्षांनी त्यांच्या दारावरच्या माणसाशी स्नेह जोडला आणि रात्री खाँसाहेबांचा रियाज चाले तेव्हा बाहेर बसून ते ऐकत राहिले. ऐकलेले घरी येऊन घोटायचे, असा क्रम बरेच दिवस चालला. शेवटी गोष्ट उघडकीस आली, तेव्हा घसीट खाँनी त्यांना शिष्य म्हणून पत्करले. कुटुंबातल्या आठवणी जशाच्या तशा इतिहास म्हणून घेता येत नाहीत, हे खरे. तरीही विद्या मिळविण्यासाठी ज्याला दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर बसावे लागले, त्यानेच पुढे सर्वांना खुली असलेली शाळा काढली, ही संगती लक्षात राहते. 'उस्ताद विद्या लपवीत' या आरोपाला या हकीकतीत एका परीने दुजोराच मिळतो. आणि त्यावरचा इलाजही उस्तादांमधल्याच एकाने शोधला, हेही दिसते.

पुढे ते दक्षिणेत म्हैसूरला गेले व कर्नाटक संगीत शिकले. उत्तरेच्या गवयाने दक्षिणेची पद्धती रीतसर शिकणे ही त्या काळी विरळा गोष्ट होती. दक्षिणेत स्वर, राग, ताल यांची मांडणी शिस्तबद्ध. आरंभीचे धडे ठरलेले. मुलाला पहिल्या दिवशी काय व शंभराव्या दिवशी काय द्यायचे याचा क्रम बांधलेला. उत्तरेत असा क्रम गुरूच्या मनात असे, कागदावर नसे. म्हैसूर दरबाराने त्यांचा छत्र-चामरासह मानमरातब केला. १८७० च्या दशकात कोलकात्याच्या संगीत मंडळींशीही त्यांचा संबंध आला. तेथे सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७१ मध्ये संगीतशाळा काढली होती आणि स्वरलिपी कशी असावी यावर तेथील जाणकारांत वाद रंगत होते. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला. मुंबईत पारशी मंडळींनी त्याआधीच गायनोत्तेजक मंडळी काढली होती. म्हणजे हवा तयार होती. मात्र या संस्था हौशी, सुखवस्तू मंडळींच्या होत्या. राज्याच्या खर्चाने, सामान्य माणसाच्या मुलासाठी आणि कलावंताच्याच आराखड्यानुसार चालणारी शाळा मात्र अजून व्हायची होती.

संस्थान आणि शाळा

सयाजीराव गायकवाड (तिसरे) १८७५ मध्ये दत्तक आले आणि १८८१ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. शिक्षणाविषयीचा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे : १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू, आणि मध्यंतरी १८९० मध्ये कलाभवन. गायनशाळा या सगळ्यांच्या आधीची आहे.

१८८६ मध्ये शाळा सुरू झाली आणि मौलाबक्ष तिचे प्रमुख झाले. लोक त्यांना 'प्रोफेसर मौलाबक्ष' म्हणू लागले. दरबारी गवयाला प्रोफेसर म्हणणे आज नवलाचे वाटत नाही. त्या काळी या एका शब्दाने माणसाची जागा बदलत होती. बिदागीवर जगणारा, मर्जीवर अवलंबून असलेला कलावंत शिक्षकांच्या रांगेत आला होता.

शाळेचे वैशिष्ट्य तिच्या रचनेत होते. दरबारात नुसता गवई हवा असतो. शाळेत वर्ग, इयत्ता, परीक्षा, पुस्तक आणि वेळापत्रक लागते. ही सगळी साधने मौलाबक्षांनी स्वतः तयार केली. स्वरांची अक्षरे आणि कालमानाच्या खुणा यांवर आधारलेली लेखनपद्धती त्यांनी बसविली, सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम ठरविला आणि शाळेपुरती पाठ्यपुस्तके लिहून छापून घेतली. १८८८ चे 'संगीतानुभव' हे त्यांपैकी एक. भातखंड्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' या मराठी ग्रंथाचा पहिला भाग १९१० मध्ये निघाला, हे ध्यानात घेतले म्हणजे मधले अंतर कळते. पलुसकरांचे लाहोरचे गांधर्व महाविद्यालय १९०१ चे; तेही बडोद्याच्या पंधरा वर्षे नंतरचे.

येथे कामाची वाटणी कशी होती ते पाहणे उपयोगाचे ठरेल. संस्थानाने पगार, जागा आणि मान्यता दिली. काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने शिकवायचे आणि कोणत्या लिपीत लिहायचे, हे कलावंताने ठरविले. राजाने खाँसाहेबांपुढे तयार अभ्यासक्रम ठेवला नाही. कलावंत व शाळा यांच्या सहकार्याविषयी आज जे आराखडे निघतात त्यांत कलावंत पाहुणा असतो. तो आठवड्यातून दोन तास येतो, प्रात्यक्षिक दाखवतो आणि मानधनाच्या पावतीवर सही करून जातो. बडोद्यात १८८६ मध्ये तो शाळेचा शिल्पकार होता.

अशा शाळेतून मोठे मैफलीचे गवई निघाले का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि उत्तर 'फारसे नाही' असे आले की प्रयोग फसला असे मानले जाते. ही मोजपट्टीच चुकीची आहे. प्राथमिक शाळेतून किती कवी निघाले, असे कोणी विचारत नाही. शाळेचे काम दुसरे होते : ज्यांच्या घरात गाणे नाही त्यांच्या कानावर स्वर पडावा, ऐकणारा तयार व्हावा, आणि शिकवू शकेल असा शिक्षक तयार व्हावा.

त्याच राज्यातले दुसरे दालन

बडोद्याचे चित्र एकरंगी रंगविणे मात्र बरोबर नाही. गायनशाळेच्या शेजारीच संस्थानाचे 'कलावंत खाते' होते. गवई, बीनकार, सारंगिये, नर्तकी, तमासगीर अशा सर्वांची नोंद, श्रेणी व पगार या खात्याकडे असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खात्याचे नियम मराठीत छापले गेले. कलावंतांचे वर्ग, हजेरी, रजा आणि कसूर झाल्यास दंड अशा गोष्टी त्यांत आहेत. एका बाजूने पाहिले तर कलावंताला ठरलेला पगार आणि लेखी नियम मिळाले. मर्जीचा कारभार संपला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर कलावंत हा कारखान्यातल्या इतर नोकरांसारखा एक नोकर झाला. राज्य एकच, काळही तोच. शाळेत उस्ताद नियम करणारा आणि खात्यात तोच नियम पाळणारा. या दोन दालनांपैकी कोणत्या दालनातून कलावंत वर्गात येणार, यावर पुढच्या बऱ्याच गोष्टी ठरल्या.

१८९६ मध्ये मौलाबक्ष वारले. त्यांचे चिरंजीव मुर्तझा खाँ यांनी शाळेचे काम पुढे पाहिले. दुसरे चिरंजीव अल्लाउद्दीन खाँ पठाण यांना लंडनला पाश्चात्य संगीताचे रीतसर शिक्षण मिळाले. नातू इनायत खाँ (१८८२–१९२७) बडोद्यातच जन्मले, आजोबांच्या छायेत वाढले आणि तरुणपणी याच शाळेत शिकवू लागले. १९१० मध्ये ते भावंडांसह अमेरिकेला गेले व पुढे पश्चिमेत सूफी विचाराचे शिक्षक म्हणून ओळखले गेले. उर्दूत लिहिलेला त्यांचा संगीतावरील ग्रंथ 'मिन्कार-ए-मूसीकार' १९१२ चा. निरक्षर उस्तादाचे चित्र या एका घरापुढेच टिकत नाही.

१९१६ : परिषद

१९१६ च्या मार्च महिन्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली. सयाजीरावांचा आश्रय आणि भातखंड्यांची योजना. भातखंड्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाचा आढावा घेणारा आपला निबंध येथे वाचला. अतिया फैजी या विदुषीही परिषदेत होत्या. भारतीय संगीतावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक दोनच वर्षांपूर्वी निघाले होते. श्रुतींच्या प्रश्नावर बरीच खडाजंगी झाली. अर्नेस्ट क्लेमंट्स हा इंग्रज अधिकारी आणि कृ. ब. देवल यांनी श्रुती वाजतील अशी पेटी तयार करविली होती. ती उस्तादांच्या गळ्याशी ताडून पाहण्यात आली, आणि उदयपूरच्या झाकिरुद्दीन खाँ यांच्या गळ्यापुढे पेटीचा दावा टिकला नाही.

हा प्रसंग मोठा बोलका आहे. परिषदेत उस्तादांना बोलावले होते, त्यांच्या गळ्याचा पुरावा अखेरचा मानला जात होता. परंतु प्रश्न कोणते, ते कोणत्या भाषेत विचारायचे आणि निष्कर्ष कोणी लिहायचे, हे आता इतरांच्या हाती होते. मौलाबक्षांच्या शाळेत उस्तादाने पुस्तक लिहिले होते. परिषदेत उस्ताद पुस्तकाचा आधार झाला होता. त्याच सुमारास भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली बडोद्याच्या शाळेची नव्याने आखणी झाली आणि मौलाबक्षांची लिपी व पुस्तके मागे पडली. भातखंड्यांची पद्धती अधिक सोपी आणि अधिक व्यापक होती, हे मान्य करावेच लागेल. तीच देशभर टिकली. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून, रामपूर-जयपूरच्या उस्तादांकडून शेकडो बंदिशी मिळविल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांत मराठीत छापल्या. या पुस्तकांमुळे कितीतरी चिजा नष्ट होण्यापासून वाचल्या. पण ज्या घरांतून त्या आल्या त्या घरांना या पुस्तकांच्या शाळेत कोणती जागा मिळाली, हा वेगळा प्रश्न आहे.

अब्दुल करीम खाँ यांची वाट

बडोद्याशी संबंध असलेल्या आणखी एका उस्तादाने तिसराच मार्ग काढला. किराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तरुणपणी बडोदा दरबारात होते. तेथील सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. पुढे दोघांनी लग्न केले व बडोदा सोडले. हिराबाई बडोदेकर या त्यांच्या कन्या. आडनावात बडोदे राहिले ते असे.

दरबार सुटलेल्या खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालू केले. मिरज, बेळगाव, हुबळी-धारवाड या पट्ट्यात त्यांचा आधीपासून वावर होता आणि शिष्यही बरेचसे याच मुलुखातले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांपैकी सर्वांत ख्यातनाम; खाँसाहेबांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिणारे बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हेही शिष्यच. या विद्यालयामागे राज्य नव्हते, अनुदान नव्हते. शिष्य खाँसाहेबांच्याच छत्राखाली राहत, जेवत आणि शिकत. खर्च भागे तो तिकिटाच्या जलशांवर. जलशात गुरू गाई आणि शिष्यांनाही पुढे बसवी, त्यामुळे ज्या कार्यक्रमातून पैसा येई तोच शिष्याचा रंगमंचावरचा पहिला धडा ठरे. एका मुस्लिम उस्तादाने शाळेला 'आर्य' हे नाव द्यावे आणि तिच्यात बहुसंख्य विद्यार्थी हिंदू असावेत, याचे त्या काळी कोणाला नवल वाटल्याचे दिसत नाही. मात्र सारा डोलारा एका माणसाच्या गळ्यावर उभा होता. खाँसाहेबांचे घर विस्कटले, ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या, आणि शाळेलाही ओहोटी लागली. खाँसाहेब शेवटी मिरजेत राहिले. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे.

बडोद्यात पैसा होता तोवर संस्था टिकली, पण कलावंताचा अधिकार सरकत गेला. पुण्यात अधिकार पूर्णपणे कलावंताचा होता, पण संस्था टिकली नाही.

रातंजनकर आणि फैयाज खाँ

या कोंडीतून निघण्याचा एक मार्ग बडोद्यातच सापडला, आणि तो दाखविला भातखंड्यांनी. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ या सुमारास बडोदा दरबारचे गवई होते. भातखंड्यांचा आवडता शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर शास्त्रात तयार होता, लिपी वाचत होता. तरी भातखंड्यांनी त्याला बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि फैयाज खाँकडे पाठविले. रातंजनकरांनी खाँसाहेबांचा गंडा बांधला आणि काही वर्षे त्यांच्याजवळ बसून तालीम घेतली.

पुस्तकाचे सामर्थ्य सर्वांत अधिक ज्याला ठाऊक होते, त्याने आपल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यासाठी पुस्तक पुरे मानले नाही, ही गोष्ट भातखंड्यांविषयीच्या मराठी लेखनात यावी तितकी ठळक येत नाही. स्वरलिपीत आलाप लिहिता येतो. आवाज कोठे सोडायचा, समेवर येताना किती ओढायचे, हे लिहिता येत नाही. रातंजनकर पुढे लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले आणि आग्रा घराण्याची गायकी त्या वर्गांतून पसरली. येथे शिष्यवृत्ती राज्याची, शास्त्र भातखंड्यांचे, तालीम उस्तादाची. आणि उस्तादाला आपली तालीम कोणत्याही ठरावीक वेळापत्रकात कोंबावी लागली नाही. विद्यार्थी त्यांच्या घरी गेला.

हा मार्ग सर्वत्र पत्करला गेला असता तर पुढचा इतिहास निराळा झाला असता. ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांनी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय काढले. त्यासाठी तेथील निवडक कलावंतांना मुंबईस भातखंड्यांकडे पाठवून नवी पद्धती शिकविण्यात आली. हद्दू-हस्सू खाँच्या गावात गवयांनी गाणे शिकविण्याचे शिक्षण मुंबईला जाऊन घ्यावे, हा उलटा प्रवास होता. त्याच ग्वाल्हेरात हद्दू-हस्सूंच्या परंपरेतले निसार हुसेन खाँ शंकरराव पंडितांच्या घरी राहत आणि त्यांना शिकवीत. ते घर आणि ती तालीम कोणत्याही विद्यालयाइतकीच फलदायी ठरली. लखनौत १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज निघाले तेव्हा तबल्यासाठी आबिद हुसेन खाँ, सरोदसाठी सखावत हुसेन खाँ असे थोर उस्ताद नेमले गेले. मात्र अभ्यासक्रम ठरलेला, पुस्तक ठरलेले, परीक्षेची पद्धत ठरलेली. उस्तादांनी आपापले वाद्य शिकवायचे होते. संस्था कशी असावी हे सांगायचे काम त्यांच्याकडे नव्हते.

नंतरचे बडोदे

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि सूरसागर तलावाकाठची मौलाबक्षांची शाळा त्यात सामावली. आज ती विद्यापीठाची प्रयोगजीवी कलांची विद्याशाखा आहे. फैयाज खाँ १९५० मध्ये बडोद्यातच निवर्तले. त्यांचे नातलग व शिष्य अता हुसेन खाँ यांनी याच संगीत महाविद्यालयात शिकविले. म्हणजे उस्तादाचे घर आणि शाळेचा वर्ग यांतले अंतर बडोद्यात काही काळ तरी पुन्हा कमी झाले होते.

महाविद्यालयांतून निवासी कलावंत नेमण्याचे प्रस्ताव आता तयार होत आहेत. त्यांत मानधनाचा रकाना असतो, तासांचा असतो, पात्रतेचा असतो. अभ्यासक्रम कोण ठरविणार, या रकान्यात बहुतेक ठिकाणी विभागप्रमुखाचे नाव आधीच लिहिलेले असते. १८८६ मध्ये बडोद्याच्या कागदावर तेथे मौलाबक्षांचे नाव होते.